साठ पोरांना एक एकर

आधी एक हिशेब मांडू. पहिली ते पाचवीची, साठ पटाची जिल्हा परिषदेची शाळा धरा. शालेय पोषण आहाराच्या नियमानं एका मुलाला दिवसाला २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य द्यायचं असतं. साठ मुलांचं झालं १ किलो २०० ग्रॅम. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला २४० किलो. शंभर किलो तूर भरडली की सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, म्हणजे साडेतीन क्विंटल तूर लागली. कोरडवाहू तुरीचा एकरी उतारा साधारण तेवढाच येतो. रोज तूरच शिजत नाही. कधी मूग, कधी मटकी, कधी चवळी. पण माप तेच राहतं. साठ पोरांच्या वरणाला एक एकर रान पुरतं.

भाजीचं बघा. डोई ५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला तीन किलो, वर्षाला ६०० किलो. विहिरीला पाणी असेल तर चार-पाच गुंठ्यांचं काम. तेल डोई ५ ग्रॅम, वर्षाला ६० किलो. गावात घाणा असेल तर सव्वादोन क्विंटल करडईत भागतं.

एका शाळेची गरज एका कुटुंबाच्या शेतीएवढी आहे. आणि तरीही त्या शाळेच्या पातेल्यात गावची तूर पडत नाही. ही आजची तक्रार.

माल येतो कसा? तांदूळ केंद्र सरकार देतं, तो भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून निघतो. डाळी, कडधान्यं, तेल, मीठ, मसाला यांना सरकारी कागदावर ‘धान्यादी माल’ म्हणतात. ग्रामीण शाळांना तो पुरवायला जिल्हावार पुरवठादार नेमले जातात आणि त्यांची निविदा वरून निघते. शहरांत केंद्रीय स्वयंपाकगृहं आहेत. शाळेच्या हातात उरतात ते इंधनाचे आणि भाजीचे पैसे. भाजी तेवढी आठवडी बाजारातून येते, आणि तिथंही मुख्याध्यापक आधी स्वतःच्या खिशातून खर्च करतात, कारण अनुदान महिनोन्महिने रखडतं. शिक्षक संघटना हे वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत.

गाठ इथंच पडली आहे. एका शाळेची गरज गावातला शेतकरी सहज भागवेल. दीड-दोन हजार शाळांची गरज एका गठ्ठ्यात बांधली, की ती कोणत्याच शेतकऱ्याला पेलत नाही. मग निविदेत कोट्यवधीची उलाढाल मागितली जाते, अनामत मागितली जाते, गोदाम आणि ट्रक मागितले जातात. ज्याच्याकडे तूर आहे त्याच्याकडे यातलं काही नसतं. ज्याच्याकडे हे सगळं असतं त्याला तूर कुठून येते याच्याशी कर्तव्य नसतं. शेतकऱ्याची तूर बाजार समितीत जाते, तिथून डाळमिलमध्ये, तिथून व्यापाऱ्याच्या वखारीत, तिथून पुरवठादाराकडे. आणि मग एखाद्या शाळेच्या कोठीत येऊन पडते. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला काहीतरी सांडतं आणि ते शेतकऱ्याच्या ताटातून आणि मुलाच्या ताटातून सांडतं.

२०२५ च्या सुरुवातीला तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता आणि राज्यातल्या बाजार समित्यांत नवी तूर त्याखाली विकली जात होती. त्याच महिन्यांत राज्यातल्या शाळांत रोज डाळ शिजत होती. विकत घेणारं सरकार, हमीभाव ठरवणारं सरकार, शेतकऱ्याला आधार देण्याची भाषा करणारंही सरकारच. एका सरकारी खिशाला दुसऱ्या खिशाची भेट घालून देण्यासाठी कुठला शोध लावायचा आहे?

दिल्लीला हे कळत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मध्यान्ह भोजनाचं नाव पीएम पोषण केलं आणि पाच वर्षांसाठी योजना मंजूर केली. ११ लाख २० हजार शाळा, ११ कोटी ८० लाख मुलं, धान्य धरून १ लाख ३० हजार कोटींच्या वर खर्च. त्याच निर्णयात लिहिलं आहे की स्थानिक पारंपरिक अन्नाच्या वापराला आणि शेतकरी उत्पादक कंपन्या व महिला बचत गटांच्या सहभागाला प्रोत्साहन दिलं जाईल. वाचायला फार छान. पण किती? कोणी? कधीपर्यंत? नाही केलं तर काय? एकही आकडा नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षणात निविदेबद्दल विचारतात, प्रोत्साहनाबद्दल कोणी विचारत नाही. तो बिचारा निविदा काढतो.

ब्राझीलनं आकडा लिहिला. १६ जून २००९ रोजी त्यांनी शालेय आहाराचा कायदा केला. केंद्राकडून शालेय आहारासाठी जो पैसा येईल त्यातला किमान ३० टक्के छोट्या कौटुंबिक शेतीतून आलेल्या मालावर खर्च झालाच पाहिजे, असं कायद्यातच घातलं. तिथं सुमारे चार कोटी मुलं सरकारी शाळांत जेवतात, म्हणजे हा खेळण्यातला प्रयोग नाही. आणि आकडा लिहून ते थांबले नाहीत. त्यांनी खरेदीची पद्धत बदलली, आणि आपण शिकायचं ते हे.

तिथं या मालासाठी सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम देत नाहीत. नगरपालिका आधी स्थानिक बाजारांतले भाव तपासते, वाहतूक-बांधणीचा खर्च धरून दर ठरवते आणि दरासकट जाहीर करते: आम्हाला अमुक महिन्यात इतका भोपळा, इतका घेवडा, इतकी केळी हवीत, हा भाव आहे, कोण देतं? शेतकऱ्यानं फक्त हो म्हणायचं. प्राधान्य आधी त्याच गावच्या शेतकऱ्याला, मग शेजारच्या भागाला. एका कुटुंबानं वर्षाला किती रकमेचा माल द्यायचा यालाही मर्यादा आहे, म्हणजे एकच बडा जमीनदार सगळं ओढून नेणार नाही. जेवणाचा तक्ता आहारतज्ज्ञ ठरवतो आणि त्या भागात काय पिकतं ते बघून ठरवतो. पहिली काही वर्षं कित्येक नगरपालिका ३० टक्क्यांपर्यंत पोचल्या नाहीत. कोणी कायदा गुंडाळला नाही. उलट २०२५ मध्ये सुधारणा करून हा वाटा जानेवारी २०२६ पासून ४५ टक्के केला.

इथं लगेच कोणीतरी म्हणेल की निविदेशिवाय खरेदी म्हणजे भ्रष्टाचाराला दार उघडणं. मला या आक्षेपाचा आदर आहे, पण तो आपल्या अनुभवाला धरून नाही. निविदा होत्या तेव्हा काय झालं? अंगणवाड्यांच्या पोषण आहाराची गोष्ट आठवा. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००४ मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना, बचत गटांना काम द्या. त्यानंतर २०१६ मध्ये महाराष्ट्रानं घरपोच आहाराच्या निविदा काढल्या त्या तब्बल ६,३०० कोटींच्या. लहान बचत गट आपोआप बाहेर पडतील अशा अटी होत्या. गट न्यायालयात गेले, आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कंत्राटं रद्द केली. निविदा होती, अटी होत्या, शिक्के होते. तरी व्हायचं ते झालंच. चोरी रोखायची असेल तर डोळे हवेत, आणि मुलांच्या पातेल्यावर गावातल्या आयांइतके बारीक डोळे दुसऱ्या कोणाचे नसतात.

आपल्याकडे याचा पुरावाही आहे, परदेशात जायची गरज नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागांत चालू आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण, लहान मुलांना अंडी किंवा केळी. यात पैसा थेट गावपातळीवरच्या खात्यात येतो, अंगणवाडी सेविका आणि आहार समितीतली गावची बाई मिळून तो खर्च करतात. खरेदी तिथल्या तिथं. या योजनेतही पैसे उशिरा येतात, सेविका उसनवारी करतात, हे सगळं खरं आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरची बाई सरकारी पैशानं गावातच खरेदी करू शकते, हिशेब ठेवू शकते, हे तिनं करून दाखवलं आहे. मग जिल्हा परिषदेच्या शाळेला तेच का करता येऊ नये?

ओडिशाचं उदाहरण मला आणखी जवळचं वाटतं, कारण तिथलं रान आपल्या डोंगराळ तालुक्यांसारखं आहे. २०१७ मध्ये त्यांनी भरडधान्यांचं अभियान सुरू केलं. आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी हमीभावानं घेतली आणि केओंझार, सुंदरगड या जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू सुरू केले. लाडू वळायला बचत गटांच्या बाया. केओंझारमध्ये पैसा खाणींच्या निधीतून आला. चंद्रपूर, गडचिरोलीतही जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. आपल्याकडे जव्हार, मोखाडा, अकोले, वेल्हे इथल्या उतारांवर नाचणी आणि वरई पिढ्यान्‌पिढ्या पिकते आहे. ज्या पोराच्या आजीनं ती पिकवली त्याच पोराला शाळेत मात्र पंजाब-छत्तीसगडचा तांदूळ.

नाचणी आपल्या पाककृतींत नाही असंही नाही. जून २०२४ च्या शासन निर्णयात पंधरा पाककृती ठरवल्या, त्यात मूग-शेवगा वरणभात आहे, मोड आलेल्या मटकीची उसळ आहे, नाचणीचं सत्त्व आहे, अंडा पुलाव आहे. ज्यानं ही यादी केली त्यानं मुलांचा विचार केला होता, हे वाचताक्षणी कळतं. शेवगा तर बांधावर येतो, कमी पाण्यावर येतो, एकदा लावला की वर्षानुवर्षं देतो. मग जानेवारी २०२५ उजाडला, आणि अंड्यासाठी, साखरेसाठी वेगळा पैसा मिळणार नाही, लोकसहभागातून बघा, असा आदेश निघाला. लोकसहभाग म्हणजे कोण? ज्या गावात पालक ऊसतोडीला गेलेत, त्या गावातल्या शिक्षकानं कोणाच्या दारात जायचं? तमिळनाडू २०१० पासून मुलांना आठवड्याला पाच अंडी देतं. आपण एक देत होतो आणि तेही परवडेना. जे मूल अंडं खात नाही त्याला केळं. आणि केळं म्हणाल तर आपल्याच जळगावची केळी देशभर जातात. रावेर-यावलच्या बागायतदाराचे भाव पडतात तेव्हा माल रस्त्यावर ओतल्याच्या बातम्या आपण वाचतो. शेजारच्या शाळेला पन्नास-साठ केळी द्यायला मात्र व्यवस्था नाही.

आता पैशाचं. तांदूळ सोडून बाकी सगळ्याला, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि सरपण-गॅस याला, १ मे २०२५ पासून पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहेत. सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. केंद्र ६० टक्के, राज्य ४०. या पैशात मुलाचं पोट नीट भरेल असं मी म्हणणार नाही. दर वाढलेच पाहिजेत. पण आहे तो पैसाही साठ पटाच्या एका शाळेत वर्षाला ८१ हजारांच्या वर जातो. हा पैसा गावातच राहिला तर एखाद्या कुटुंबाला खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं. भाव कोसळला म्हणून शाळा जेवण बंद करत नाही. असं गिऱ्हाईक शेतकऱ्याला दुसरं कुठं मिळेल?

उद्योजकांना ही खात्री सरकारनं कधीच दिली आहे. केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्या यांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून किमान २० टक्के खरेदी करावी असं धोरण २०१२ मध्ये आलं, २०१८ मध्ये तो वाटा २५ टक्के झाला. त्यात महिला उद्योजकांचा वेगळा वाटा आहे. चांगलं धोरण आहे. लहान कारखानदाराला मोठ्याशी बोलीत टिकता येत नाही हे सरकारला पटलं म्हणून ते आलं. दोन एकरवाल्या शेतकऱ्याची अवस्था वेगळी आहे का? २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्या काढायची योजना आली. कंपन्या निघाल्या, फलक लागले, आणि पुष्कळ कंपन्यांना आता विचारा की गिऱ्हाईक कोण, तर बियाणं-खत विकण्यापलीकडे धंदा नाही. तालुक्यातल्या शंभर-दीडशे शाळांची डाळ भरडून द्यायचं काम त्यांच्याकडे का नाही? एका छोट्या डाळमिलला तेवढ्यानं खात्रीचं काम मिळेल.

शेजारच्या रानावर सरकारी स्वयंपाकघर चालतं का, हे बघायचं तर कारागृहांकडे बघा. पैठणचं खुलं कारागृह, येरवड्याची शेती. बंदी राबतात आणि तिथला भाजीपाला कारागृहांच्या स्वयंपाकघरात जातो. कैद्यांना शेजारच्या रानातली ताजी भाजी मिळते याचा मला आनंद आहे. आश्रमशाळांना, वसतिगृहांना, जिल्हा रुग्णालयांना ती मिळू नये असं मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. आश्रमशाळांत मुलं तीन वेळा जेवतात, तिथली गरज दिवसाच्या शाळेपेक्षा कितीतरी मोठी आणि पक्की.

दोन आक्षेप मात्र मनावर घ्यायला हवेत.

पहिला सुरक्षिततेचा. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं, मोनोक्रोटोफॉस. त्या दिवशी काय झालं हे या योजनेत काम करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवलं पाहिजे. गावचं म्हणून सगळं शुद्ध असतं, हे मला मान्य नाही. फवारणी गावातच होते, आणि वांग्यावर, भेंडीवर तोडणीच्या आदल्या दिवशीही होते. म्हणून शाळेला माल देणाऱ्या शेतकऱ्याशी लेखी ठरवावं लागेल: काय फवारायचं, तोडणीच्या आधी किती दिवस हात आवरायचा. नमुने प्रयोगशाळेत जावे लागतील आणि त्याचा खर्च सरकारनं उचलावा लागेल. पण एक फरक विसरू नका. गावातल्या मालात काही निघालं तर तो कोणाचा, हे त्याच दिवशी कळतं. जिल्ह्याच्या गोदामातून आलेल्या पोत्याचा माग काढायला चौकशी समिती बसते.

दुसरा गावच्या राजकारणाचा. कंत्राट मोडलं तर सरपंचाचा पुतण्याच ‘स्थानिक शेतकरी’ होऊन बसेल, असं खुद्द गावातलेच लोक सांगतात. बरोबर सांगतात. म्हणून दर आणि नावं शाळेच्या भिंतीवर रंगवावी लागतील, कुटुंबामागे मर्यादा घालावी लागेल, शाळा व्यवस्थापन समितीत आया बहुसंख्य हव्यात, आणि माल उतरताना स्वयंपाक करणाऱ्या ताईंची सही हवी. डाळ किडकी आहे की चांगली हे सुपात घेतल्याबरोबर त्यांना कळतं. त्यांना मानधन किती मिळतं हेही सांगतो: महिन्याला अडीच हजार. त्यातला केंद्राचा हिशेब २००९ पासून हजारावर थांबला आहे. मुलांच्या जेवणाबद्दल गंभीर आहोत असं म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा सुधारावा.

भाकरीचं मला विचारतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मग तिथल्या पोरांना शाळेत भाकरी का नाही? दोन बायांनी साठ पोरांना भाकरी थापायच्या तर सकाळपासून चुलीपुढून उठता येणार नाही. हे त्यांच्यावर लादू नये. कण्या करता येतात, ज्वारीची खिचडी होते, लाडू होतात. काय जमेल ते त्या तालुक्यातल्या बायांना विचारून ठरवावं, पुण्या-मुंबईतून नको.

मागणी एवढीच: धान्यादी मालाच्या आणि भाजीच्या रकमेतला किमान ३० टक्के वाटा तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून, त्यांच्या गटांकडून किंवा कंपन्यांकडूनच खर्च व्हावा, असा शासन निर्णय. भाव आधी जाहीर, हमीभावाच्या खाली नाही. पैसे पंधरा दिवसांत थेट खात्यात; उशीर झाला तर व्याज. सगळ्या जिल्ह्यांत एकदम नको, एका हंगामासाठी चार वेगवेगळ्या मुलखांतले चार तालुके घ्या: एक तुरीचा, एक नाचणीचा, एक भाजीपाल्याचा, एक केळीचा.

आणि निर्णय काढायचाच असेल तर एप्रिलमध्ये काढा. तूर जूनला पेरली जाते आणि खळ्यावर येते डिसेंबर-जानेवारीत. निविदेच्या वेळापत्रकानं ऑगस्टमध्ये जाग आली तर तोवर कोणी काय पेरायचं ते ठरवून बसलेलं असतं. मेच्या ग्रामसभेत शाळेनं उभं राहून सांगावं की आम्हाला पुढच्या वर्षी एवढी तुरीची डाळ, एवढी मटकी, एवढा शेवगा लागणार आहे आणि हा भाव आहे.